थ्री-नॉट-थ्री

थ्री-नॉट-थ्री म्हटलं की आमच्या पिढीला पोलिसाच्या खांद्यावरची लाकडी दस्त्याची रायफल आठवते. मी सांगतोय तो थ्री-नॉट-थ्री खांद्यावर घेण्यातला नाही. फूटभर लांब, वीतभरही रुंद नाही, वजन किलोभर, अंगावर चंदेरी प्लास्टिक, पोटात मध्यम मापाचे चार सेल. पूर्ण नाव टीबी-३०३. यातलं टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बास. जपानच्या रोलंड कंपनीने बारसं केलं तेव्हा मराठी घरात 'त्याला टीबी आहे' म्हटल्यावर कशी कुजबुज सुरू होते, हे तिथे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तर असा नावात एकीकडे दुखणं आणि एकीकडे बंदूक घेऊन हा प्राणी १९८१ साली बाजारात आला.

आला तो नोकरी करायला. गिटार वाजवणाऱ्याला घरी एकट्याने हात बसवायचा असेल तर मागे खर्ज धरायला कुणीतरी लागतं. बास गिटारवाला रोज कुठून आणणार? आणलाच तर त्याची वेळ सांभाळा, चहा पाजा, त्याच्या बायकोच्या तक्रारी ऐका. हा खोका सांगाल तितका वेळ, सांगाल तेच वाजवणार. ठेक्यासाठी टीआर-६०६ नावाचा त्याचा भाऊ होता. दोघांचे कपडे एकाच ताग्यातले. दोघांना शेजारी बसवा, मधे एक वायर जोडा, घरच्या घरी साथसंगत तयार. कल्पना तादाओ किकुमोतो या अभियंत्याची, आणि कागदावर ती चोख होती.

अडचण एकच. साहेबांना बास गिटारचा आवाज काढता येत नव्हता.

मी हा खोका पहिल्यांदा हाताळला तो एका मित्राच्या टेबलावर. हा मित्र पूर्वी आमच्या ऑर्केस्ट्रात तबला आणि ढोलकी वाजवायचा. मी तिथे कॅसिओवर असे. ऑर्केस्ट्रे बसले, मी लिहायला लागलो, तो जुनी वाद्यं दुरुस्त करायला लागला. कुणाची तरी ही अमानत त्याच्याकडे आली होती. खालच्या बाजूला एका सप्तकाच्या कळा, पण पेटीच्या पट्टीसारख्या खाली जाणाऱ्या नाहीत. कॅल्क्युलेटरच्या बटणासारख्या टिक्‌टिक्‌ करणाऱ्या. वरच्या अंगाला सहा लहान चाव्या ओळीने, शाळेच्या फोटोतल्या पहिल्या रांगेसारख्या. जागोजाग बारीक लाल दिवे.

"वाजव," मित्र म्हणाला.

मी कळ दाबली आणि गाणं काढायचा प्रयत्न केला. दहा मिनिटं गेली. गाणं आलं नाही.

कारण याला शिकवण्याची तऱ्हाच न्यारी. आपण विद्यार्थ्याला सूर आणि मात्रा एकदमच सांगतो. याला आधी नुसते सूर ओळीने सांगायचे, काळाचं नावही काढायचं नाही. मग दुसऱ्या फेरीत प्रत्येक घराला बजावायचं: इथे वाजव, इथे मागचा सूर धरून ठेव, इथे गप्प बस. अशी सोळा घरं. (तीनतालाच्या मात्रा तेवढ्याच. जपानी अभियंत्याच्या मनात तीनताल असण्याची शक्यता शून्य, तरी माझ्या तबलजी मित्राला हे फार आवडलं.) एखाद्या घरी 'गप्प बस'ऐवजी 'वाजव' दाबलं गेलं की पुढचे सगळे सूर एकेक घर सरकतात आणि तुमच्या चालीची भलतीच चाल होते. गिटार खाली ठेवून, अंगठ्याने बटणं दाबत, कागदावर आकडे मांडत बसायचं कोणत्या गिटारवाल्याला? तेवढ्या वेळात शेजारच्या आळीतला बास गिटारवाला येऊन वाजवून गेला असता.

गिऱ्हाइकांनी खोका घेतला, आठ दिवस झटापट केली आणि विकायला काढला. १९८४ साली कंपनीने उत्पादन थांबवलं. तोवर सुमारे १०,००० नग निघाले होते. सेकंडहँड वाद्यांच्या दुकानांत कोपऱ्यात धूळ खात पडले. नोकरीवर ठेवलं होतं ते काम जमलं नाही, म्हणून घरी बसवलं, इतकी ही सरळ गोष्ट.

आता गळ्याबद्दल. या खोक्यात एकच आवाज आहे; एका वेळी एकच सूर निघतो. मूळचा आवाज किरटा, करवतीसारखा किंवा मग चौकोनी, पोकळ. खरी करामत पुढे आहे. त्या सहा चाव्यांतली एक ठरवते की सुरातले वरचे, टोकदार अंश किती बाहेर येऊ द्यायचे. तिच्या शेजारची, जिथे तो आवाज कापला गेला नेमका तिथेच त्याला फुगवते. ऐकायला अवघड, पण ज्याने तंबोरा लावला आहे त्याला हे क्षणात कळेल. घोडीवर तारेखालचा दोरा नखभर सरकवला की बंद तार एकदम बोलायला लागते. एका षड्जाच्या पोटातून पंचम, गंधार, काय काय बाहेर पडतं. जवारी उघडते म्हणतात ती हीच. या खोक्याच्या दोन चाव्या म्हणजे चालू तारेवर जवारी उघडायची आणि मिटायची सोय. त्या फिरवल्या की तोच सूर आधी डबक्यातून पाय उपसल्यासारखा चुबुक्‌ वाजतो, मग शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ओरडतो, मग एखाद्या वात्रट पोरासारखा नाकातून 'ग्याँव' करतो. बास गिटार असं कधी करत नाही. करावं अशी तिच्याकडून अपेक्षाही नाही.

आणखी दोन खोडी. कुठल्याही घरावर आघात देता येतो, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला सांगता येतं. या घसरण्याला आपल्याकडे मींड म्हणायचा मोह होतो. पण मींड सावकाश जाते, अंतर लांब असेल तर जास्त वेळ घेते, वाटेत कुठेतरी रेंगाळते. हा गडी जवळच्या सुरावर जायला जितका वेळ घेतो तितकाच लांबच्या सुरावर जायला घेतो. ठरलेला, डोळ्याचं पातं लवेल एवढा. म्हणून त्याची मींड मींड वाटत नाही. पायऱ्यांवरून पाय सटकल्यासारखी वाटते.

असा हा संगतकार मुंबईत फार लवकर पोचला. चरणजित सिंग सिंगापूरहून घेऊन आले.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधलं जुनं नाव. म्हणजे वादकांना माहीत असलेलं, श्रेयनामावलीत न दिसणारं. गिटार, बास गिटार, व्हायोलिन आणि हाताला लागेल तो विजेवरचा कळफलक. १९७१च्या 'दम मारो दम'च्या सुरुवातीला जो धुरकट, लांबलेला सूर ऐकू येतो तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्ड या विजेवरच्या वाद्याचा. मुंबईच्या स्टुडिओंना अशी यंत्रं नवीन नव्हती. १९५४च्या 'नागिन'मधली बीन ही मुळात बीनच नव्हती. कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलीन होतं, आणि सबंध देश ती पुंगी समजून डोलला. पुढे केरसी लॉर्ड यांनी सिंथेसायझर आणला. परदेशी यंत्र बॅगेतून आणायचं, पहिल्याच आठवड्यात त्याला इथली भाषा शिकवायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, ही त्या मंडळींची पिढीजात विद्या.

इथे एक गंमत पाहा. जो खोका बास गिटारवाल्याच्या पोटावर पाय देण्यासाठी बनवला, तो विकत घेतला बास वाजवणाऱ्यानेच. मला वाटतं म्हणूनच जमलं. बाकीच्यांना बास गिटारची नक्कल हवी होती. याला बास गिटार हवीच असती तर घरी होती.

१९८२ साल. 'कुर्बानी' येऊन दोन वर्षं झालेली, बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर' त्याच वर्षीचा. गणपतीच्या मांडवापासून लग्नाच्या वरातीपर्यंत डिस्को. चरणजित सिंग यांनी तीन यंत्रं एकत्र बसवली: ठेक्याला टीआर-८०८, गायकीला आठ आवाजांचा ज्युपिटर-८ आणि खर्जाला आपला हा चंदेरी गडी. तिघेही रोलंडच्याच घरातले, त्यामुळे एकमेकांची लय सांभाळून चालणारे. एचएमव्हीसाठी रेकॉर्ड निघाली, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. दहा राग, प्रत्येकाला पाचेक मिनिटं. ध्वनिमुद्रण दोन दिवसांत आटोपलं असं ते सांगत.

मी ती रेकॉर्ड प्रथम ऐकली तेव्हा हसलो, हे कबूल करतो. ललत ऐकताना तर फारच. ललत पहाटेचा, दोन्ही मध्यम शेजारी शेजारी घासून जाणारा, पंचम नसलेला, भल्याभल्या गवयांची परीक्षा पाहणारा राग; आणि खाली धपधप डिस्को. दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा ठेका सोडून खालचा आवाज पकडला आणि हसू थांबलं. थ्री-नॉट-थ्री तिथे रागातलेच सूर घेऊन गोल गोल फिरतो आहे, न थकता, न चुकता, आणि वर ज्युपिटर मोकळा बोलतो आहे. तंबोऱ्याची जागा त्याने घेतली आहे. फक्त हा तंबोरा पळतो. मालकंसात तो खाली गेला की खोलीच्या खिडक्यांना कळतं.

उणिवा आहेतच. बारा सुरांच्या यंत्राला तोडीचा गंधार कुठला मिळायला? आमच्याकडे पेटीवर शंभर वर्षं हाच दावा चालू आहे, निकाल लागलेला नाही. रागाची बढत पाच मिनिटांत काय होणार? शास्त्रवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकली असती तर कान उपटले असते. पण शास्त्रवाल्यांनी ऐकली नाही. डिस्कोवाल्यांनीही ऐकली नाही, कारण तिच्यावर गाणं नव्हतं. रेकॉर्ड पडली. चरणजित सिंग आपल्या कामाला लागले.

तिकडे शिकागोत, साधारण तीनेक वर्षांनी, स्पँकी नावाच्या एका तरुणाने कोपऱ्यात धूळ खाणारा एक थ्री-नॉट-थ्री स्वस्तात उचलला. सोबत माहितीपुस्तक नव्हतं. स्पँकी, डीजे पिअर आणि हर्ब जे हे तिघं मित्र. खोक्याला शिकवायचं कसं हे कुणालाच उमगेना. मग त्यांनी शिकवायचा नाद सोडला. आत जे काय वाजत होतं ते वाजू दिलं आणि पिअर नुसत्या वरच्या चाव्या फिरवत बसला. जवारी उघड, जवारी मीट. उघड, मीट.

आपला कुठलाही तंबोरेवाला हे पाहून डोक्याला हात लावेल. जवारी एकदा मैफलीआधी लावायची आणि मग तिला विसरायचं, हा शिरस्ता. या पोरांनी जवारीचंच गाणं केलं. सूर तेच, घरं तीच, सांगायला चाल नाही, शब्द नाहीत. पालटत जातो तो फक्त गळा. टेप 'म्युझिक बॉक्स' क्लबमध्ये रॉन हार्डी या डीजेकडे गेली. पिअर सांगतो त्याप्रमाणे हार्डीने ती एका रात्रीत चार वेळा लावली. पहिल्यांदा नाचणारे बाजूला झाले. चौथ्यांदा वेडे झाले. १९८७ साली ती 'ॲसिड ट्रॅक्स' नावाने तबकडीवर आली. ग्रुपचं नाव फ्यूचर, लांबी अकरा मिनिटांहून जास्त. त्यातून ॲसिड हाउस नावाचं घराणंच सुरू झालं, पुढच्याच वर्षी इंग्लंडात पोरं रात्र रात्र त्यावर नाचायला लागली, आणि कोपऱ्यातल्या खोक्यांचे भाव चढले. आज जुना अस्सल नग घ्यायचा तर गोष्ट लाखांत जाते. खुद्द कंपनीने २०१६ साली त्याची लहान आवृत्ती काढली. काढून टाकलेल्या गड्याला पुन्हा बोलवायचं म्हणजे असंच वाजतगाजत बोलवावं लागतं.

त्याच १९८७ सालात लंडनमधल्या एका पबच्या माडीवर काही रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. इंग्रजी-अमेरिकी नसलेलं संगीत दुकानात कुठल्या फळीवर ठेवायचं हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांनी 'वर्ल्ड म्युझिक' ही पाटी पक्की केली. पाटी दुकानदाराच्या सोयीची आहे, यात वाईट काही नाही. पण ती लागल्यापासून सगळ्या जगाचं संगीत एका फळीवर आणि उरलेल्याचं बाकी दुकानभर, असा प्रकार झाला. मुंबईच्या त्या रेकॉर्डला तेव्हा पाच वर्षं झाली होती. तिला कुठल्याच फळीची गरज नव्हती, कारण ती दुकानात नव्हतीच.

मधेच एक हणजूणची रात्र सांगतो. नव्वदच्या दशकात म्हापशाला आमचा कार्यक्रम होता. तो संपल्यावर आम्ही तिघं-चौघं स्कूटरवरून हणजूणला गेलो. नारळीखाली चमकत्या रंगांची कापडं ताणलेली, समोर शेदोनशे गोरी माणसं डोळे मिटून नाचताहेत, आणि स्पीकरमधून तोच नाकातला 'ग्याँव ग्याँव', आता अधिक वेगात, समुद्रावर आपटून परत येणारा. तेव्हा मला त्या आवाजाचं नाव ठाऊक नव्हतं. गोवा ट्रान्स म्हणून जो प्रकार पुढे जगभर गेला त्याच्या रक्तात हा खोका आहे, हे फार नंतर कळलं. कडेला गावातल्या बाया चटया अंथरून, स्टोव्ह पेटवून चहा-ऑम्लेट विकत होत्या. एकीच्या चटईवर आम्ही टेकलो. झोप कशी लागते म्हणून विचारलं. ती म्हणाली, वाजत असतं तोवर डोळा लागतो. जनरेटर बंद पडला की दचकून जाग येते.

खर्ज धरणाऱ्याला याहून मोठी दाद कोणती, मला माहीत नाही.

तर मुंबईत सिंगापूरहून बॅगेतून आलेला आवाज दहा-बारा वर्षांनी युरोपातून, कुणाकुणाच्या टेपमधून, गोव्याला पोचला होता आणि आम्ही तो 'फॉरेनचा' म्हणून ऐकत होतो. माझ्या कॅसिओवर त्या वेळी मुंबईच्याच एका माणसाचा ललत मी वाजवू शकलो असतो. ऐकलाच नव्हता तर वाजवणार कुठून?

ती रेकॉर्ड २००२ साली दिल्लीत एडो बौमन या डच संग्राहकाच्या हाती लागली. २०१०मध्ये त्याने ती 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलतर्फे पुन्हा काढली. युरोपात खळबळ. १९८२? मुंबई? थ्री-नॉट-थ्री? बऱ्याच जणांना ती थाप वाटली. कुण्या इरसाल इंग्रज संगीतकाराने टोपणनावाने केलेला चावटपणा. खरी आहे म्हटल्यावर दुसरं टोक. ॲसिड हाउसचे जनक मुंबईचे चरणजित सिंग! आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही ते पुष्पक विमानाच्या चालीवर उचलून धरलं.

मला हे 'जनक' प्रकरण पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ती रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. ऐकणार कशी, आम्हीच ऐकली नव्हती. आणि चरणजित सिंग यांना ॲसिड हाउस करायचं नव्हतं. ते राग वाजवत होते. त्यांचा ललत शिकागोच्या वंशावळीत पहिल्या घरात नेऊन बसवला की त्याचं ललतपण जातं आणि उरते ती तारीख. दोन्हीकडे समान होता तो हा खोका. त्याच्या गळ्यात हे आधीपासून होतं. मुंबईत त्याला ओळीने सूर शिकवणारा जाणता माणूस भेटला, शिकागोत न शिकवणारी पोरं भेटली, दोन्हीकडे तो बोलला. गप्प राहिला तो फक्त ज्यांनी त्याला बास गिटार व्हायला सांगितलं त्यांच्याकडे.

उतारवयात चरणजित सिंग ज्युपिटर घेऊन युरोपात गेले, त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या गर्दीपुढे राग वाजवले. जुलै २०१५मध्ये मुंबईत वारले. पत्नी सुपर्णा त्यांच्या आधीच गेल्या होत्या.

मित्राच्या टेबलावरच्या नगाची एक खोड मात्र सांगायची राहिली. जुन्या अस्सल नगांची ही जातकुळीच आहे. पोटातले सेल काढले की त्याची आठवण थोडाच वेळ टिकते. मग तो सगळं विसरतो. विसरतो म्हणजे पाटी कोरी होत नाही. परत सेल घातले की त्याच्या सोळा घरांत भलतेच सूर, भलत्या मात्रा, भलतेच आघात सापडतात. कुणी न शिकवलेलं काहीतरी तो वाजवायला लागतो.

मित्राने सेल काढले. आम्ही खाली जाऊन चहा पिऊन आलो. वर येऊन त्याने चारही सेल पुन्हा बसवले, झाकण दाबलं, कळ दाबली. डुबुक्‌, ग्याँव, मग एक मोठी गप्प जागा, मग वरून खाली सटकलेला एक सूर, पुन्हा डुबुक्‌. मी पट्टी शोधत होतो. मित्राचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, डोळे मिटलेले.

"सम सापडली का रे?"

"थांब जरा," तो म्हणाला, "मोजू दे."